नव्वदीच्या उंबरठ्यावरचा ब्लूज आणि ‘यात नवीन काय?’ हा प्रश्न

मागील अंकात या सदरात शिकागोचे ज्येष्ठ ब्लूज गायक व गिटारवादक बडी गाय यांच्या ‘एन्ट डन विथ द ब्लूज’ या अल्बमचा ओझरता उल्लेख आला होता. ब्लूज हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात घडलेला गीतप्रकार. ‘ब्लूजशी माझे अजून संपलेले नाही’ असा त्या नावाचा भावार्थ. गाय यांनी वयाची ८९ वर्षे पूर्ण केली त्याच दिवशी, म्हणजे ३० जुलै २०२५ रोजी, तो प्रसिद्ध झाला. त्या चार ओळींवर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. आपल्या सीमाभागातील वाचकाला भजन, नाट्यपद आणि ख्याल यांविषयी पुष्कळ काही म्हणायचे असते हे ठाऊक होते. ब्लूजविषयीही म्हणायचे असते हे या निमित्ताने कळले. जागेअभावी सहाच पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण इतरांचे निम्मे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी शाळेत संगीत शिकवतो. आपल्या लेखानंतर हा अल्बम मोबाइलवर ऐकला आणि त्यावरची दोन परीक्षणे वाचली, ती सोबत जोडली आहेत. एकात ‘सोलफुल’ हे विशेषण तीन वेळा आले आहे आणि या वयातील आवाजाचे तोंड भरून कौतुक आहे. दुसऱ्यात म्हटले आहे की अठरा गाणी, पाहुण्या कलावंतांची गर्दी, निर्माता तोच, साचा तोच, नवीन काही नाही. कोणाचे खरे मानावे? आणि ‘सोलफुल’ म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्यांना कसे सांगावे? — एक शिक्षक, खानापूर

उत्तर : आपण दोन्ही परीक्षणे पाठवलीत हे फार बरे झाले. दोन्ही प्रामाणिक वाटतात. मात्र दोन्हींत एकेक शब्द असा आहे की तो लिहिण्यापूर्वी लेखकाने क्षणभर हात आखडायला हवा होता. पहिल्यात तो ‘सोलफुल’ आहे आणि दुसऱ्यात ‘नवीन’.

आधी ‘नवीन’कडे पाहू. ब्लूजचा सर्वांत रुळलेला साचा बारा मापांचा (इंग्रजीत ‘बार’) असतो, आणि प्रत्येक मापात चार मात्रा धरल्या तर त्याचे एक आवर्तन ४८ मात्रांचे होते. आपण पेटीवर बसून हे सहज पडताळून पाहू शकाल. पहिली चार मापे षड्जावर उभारलेल्या स्वरसंघाची (म्हणजे ‘कॉर्ड’ची, एकत्र वाजणाऱ्या स्वरांची), पुढची दोन मध्यमावरच्या स्वरसंघाची, मग दोन पुन्हा षड्जाची, त्यानंतर एक पंचमाचे, एक मध्यमाचे आणि शेवटची दोन परत षड्जाची. अखेरच्या मापात पंचमाकडे हलकासा इशारा करून वादक पुन्हा पहिल्या मात्रेवर येतो. शब्दांची बांधणीही ठरलेली असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरी ओळ यमकाने तिला जोडून गोष्ट पुरी करायची. प्रत्येक ओळीला चार मापे मिळतात, पण शब्द साधारणपणे निम्म्या जागेतच आटोपतात आणि उरलेल्या मोकळ्या जागेत गिटार गायकाला उत्तर देते. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’ स्वरलिपीसह छापले तेव्हाही ही पद्धत लोकांच्या तोंडी जुनीच होती.

तेव्हा ‘साचा तोच आहे’ हा ब्लूजच्या अल्बमवरील आक्षेप होऊ शकत नाही. कोणी यमन गायला बसले तर ‘पुन्हा तीव्र मध्यमच का?’ असे आपण विचारत नाही. (ही तुलना मात्र एका मर्यादेपलीकडे ताणू नये. रागाला तासभर फुलण्याची मोकळीक असते, तर ब्लूजच्या गायकाला चार-पाच मिनिटांत सारे बोलून उठायचे असते.) नवेपण शोधायचे ते स्वर कोठे ठेवला आहे यात. ब्लूजमधील गांधार धड शुद्ध नसतो आणि धड कोमलही नसतो. पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत त्याचे घर असते आणि कसलेला वादक तो दर खेपेला किंचित वेगळ्या उंचीवर लावतो. निषादाची आणि कधी कधी पंचमाचीही तीच गोष्ट. दरबारीतला आंदोलित गांधार जसा पेटीतून निसटतो तसाच हाही निसटतो. गिटारवादक तार पट्टीवर दाबून आडवी ओढतो आणि त्या फटीत शिरतो. सतारीवरची मींड आपण ज्या कृतीने काढतो तीच ही कृती. बडी गाय यांचे वैशिष्ट्य असे की ते तार हळूहळू चढवत नाहीत, एका झटक्यात ओढतात, आणि कुजबुजीइतक्या बारीक आवाजावरून क्षणात किंकाळीवर जातात. त्या झटक्यापूर्वीची शांतता ते किती लांबवतात हे ऐकावे. पंचवीस वर्षांपूर्वी ते ती भरून काढण्याची घाई करीत. आता ती उरू देतात, असे मला वाटते. दुसऱ्या परीक्षकाने येथे कान लावला असता तर ‘नवीन काही नाही’ हे वाक्य त्याला निदान दुरुस्त तरी करावे लागले असते.

आता ‘सोलफुल’. आत्मा हा ‘सोल’चा कोशातला अर्थ झाला, पण या विशेषणाला अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या चर्चमधील गायनाचा गंध आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांत त्या भक्तिगायनाची, म्हणजे गॉस्पेलची, गायकी लौकिक प्रेमगीतांत उतरली आणि त्या प्रकाराला ‘सोल’ हे नाव पडले. म्हणून सोलफुल म्हणजे केवळ दुःखी, हा समज चुकीचा आहे. मराठीत आपण त्यासाठी ‘आर्त’ हा शब्द सहज वापरतो आणि निम्मा ब्लूज दाराबाहेर ठेवतो. कारण ब्लूजमध्ये थट्टा आहे, द्व्यर्थ आहे, फुशारकी आहे आणि खिसा रिकामा असल्याचा विनोदही आहे. एकाच बैठकीत विराणी झाली आणि पाठोपाठ फटकळ लावणी आली, तरी दोन्हींत गाणाऱ्याचा जीव सारखाच ओतलेला असावा, असा तो प्रकार आहे. विद्यार्थ्यांना सांगताना ‘ज्या स्वरामागे गाणारा उभा राहतो तो स्वर’ एवढे म्हणावे. याहून नेमकी व्याख्या मला साधलेली नाही, आणि तीन वेळा हे विशेषण वापरणाऱ्या परीक्षकालाही साधलेली दिसत नाही. कोणत्या गाण्यात, कोणत्या जागी, हे त्याने एकदा जरी लिहिले असते तरी वाचकाचे काम झाले असते.

माझ्यापुरते मी ते लिहितो. अल्बमच्या आरंभी ‘हूकर थिंग’ नावाचा एक अगदी छोटा तुकडा आहे. जॉन ली हूकर या जुन्या वडीलधाऱ्या कलावंताला केलेला तो नमस्कार आहे. त्यात पाहुणा नाही, सजावट नाही. मला अख्ख्या अल्बममध्ये तो सर्वांत जवळचा वाटला. ‘ब्लाइंड बॉईज ऑफ अलाबामा’ या जुन्या गॉस्पेल वृंदाबरोबरचे गाणे दुसरे. तेथे गाय पुढे सरसावत नाहीत. वृंदाच्या आवाजाला टेकून गातात, आणि चर्चच्या गंधाविषयी मी जे वर म्हटले ते त्या गाण्यात आयतेच सापडते. पाहुण्यांविषयी दुसऱ्या परीक्षकाशी मी बराचसा सहमत आहे. जो वॉल्श, पीटर फ्रॅम्प्टन, जो बोनामासा हे सारे नामांकित खरे, परंतु ज्या घरी यजमानाचे बोलणे ऐकायला आपण गेलो त्या घरी पाहुण्यांनीच ओसरी अडवावी असे दोन-तीन ठिकाणी होते. अठराऐवजी बारा गाणी असती तर अल्बम अधिक घट्ट झाला असता. अपवाद ख्रिस्टोन ‘किंगफिश’ इन्ग्राम यांचा. मिसिसिपीतील क्लार्क्सडेल या ब्लूजच्या माहेरगावचा हा १९९९ साली जन्मलेला गिटारवादक. २०१९ साली त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा गाय स्वतः त्यात पाहुणे म्हणून वाजवून गेले होते. त्यामुळे येथे त्याचे येणे म्हणजे परतफेडीचे येणे आहे, आणि दोघांच्या वाजवण्यात ते जाणवते.

निर्मात्याविषयीचा आक्षेपही सोडून देण्यासारखा नाही. टॉम हॅम्ब्रिज हे ड्रमवादक आणि गीतकार आहेत आणि २००८च्या ‘स्किन डीप’पासून ते गाय यांच्याबरोबर आहेत. वयाविषयीची, आयुष्य मागे वळून पाहणारी अनेक गाणी त्यांच्या सहभागातून आलेली आहेत. या जोडीने २०१०, २०१५ आणि २०१८ साली काढलेल्या अल्बमांना ग्रॅमी पुरस्कार मिळाले. तेव्हा वाट मळलेली आहे हे खरेच. मळलेल्या वाटेचा एक तोटा असा की म्हातारपण हाच विषय होऊन बसतो. येथे एक जुनी गोष्ट आठवते. २००१ साली, वयाच्या ६४व्या वर्षी, गाय मिसिसिपीतील ऑक्सफर्ड गावच्या एका स्टुडिओत गेले आणि त्यांनी ‘स्वीट टी’ हा अल्बम केला. त्याचे पहिले गाणे मिसिसिपीचे ब्लूज गायक ज्युनिअर किम्ब्रो यांचे आहे: मी म्हातारा झालो, पूर्वी जे करीत असे ते आता होत नाही, असा त्याचा आशय. साथीला जवळजवळ काही नाही. ते संपते न संपते तोच पुढचे सात मिनिटांचे गाणे अंगावर कोसळते आणि आधीच्या कबुलीची खिल्ली उडवते. ‘म्हातारा झालो’ म्हणणारा तोच माणूस पाव शतकानंतर ‘अजून संपलेले नाही’ म्हणतो आहे. हे दोन अल्बम पाठोपाठ ऐकावेत; मला आजही ‘स्वीट टी’ वरचढ वाटतो, कारण त्यात वयाचा उल्लेख एकदाच आहे आणि बाकी सगळे वाजवणे आहे.

कोणाचे खरे मानावे, असेही आपण विचारले आहे. गाय यांचेच उदाहरण घ्यावे. १९५७ साली ते लुइझियानातून शिकागोला आले, चेस या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीत त्यांना काम मिळाले, पण रंगमंचावर ते जसे वाजवीत तसे ध्वनिमुद्रित करू देण्यास कंपनीचा मालक तयार नसे. त्याला तो गोंगाट वाटे. स्टुडिओत ते इतरांना साथ करीत (शिकागोचे ज्येष्ठ ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या १९६४च्या ‘फोक सिंगर’ अल्बममधील संयत साथ ऐकण्याजोगी आहे) आणि पोटासाठी नादुरुस्त मोटारी ओढून नेणारा ट्रक चालवीत. पुढे इंग्लंडातील तरुणांनी तोच ‘गोंगाट’ करून जग जिंकले. उलट दिशेचे उदाहरण स्वतः मडी वॉटर्स यांचे. १९६८ साली त्यांच्याकडून ‘इलेक्ट्रिक मड’ हा त्या काळच्या रॉकच्या धाटणीचा अल्बम करवून घेण्यात आला, आणि ब्लूजच्या अभ्यासकांनी त्याच्यावर भ्रष्टतेचा शिक्का मारला. पुढे हिप-हॉपच्या पिढीतील कलावंतांनी तोच अल्बम आवडीने उचलला. मिसिसिपीचे ब्लूज गायक व गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन तर १९३८ साली २७व्या वर्षी वारले. १९३६ आणि १९३७ मध्ये मुद्रित केलेली त्यांची २९ गाणी एवढीच त्यांची पुंजी, आणि त्यांच्या नावाचा खरा डंका १९६१ साली त्यांतील १६ गाण्यांची तबकडी निघाल्यावर वाजला. परीक्षण त्या त्या दिवसाचे असते. त्यात माहिती असेल तर ती घ्यावी, विशेषणे मात्र गाळून वाचावी.

वर्गासाठी एक सुचवितो. परीक्षणे मुलांना आधी दाखवू नका. कोणतेही एक संथ गाणे लावा, टाळीने मापे मोजायला सांगा, आणि गायकाची ओळ कोठे संपून गिटारचे उत्तर कोठे सुरू होते त्या जागी हात वर करायला सांगा. सातवी-आठवीच्या मुलांनाही हे दोन आवर्तनांत जमते. मग परीक्षण वाचून दाखवा आणि यातले काय ऐकू आले ते विचारा.

प्रश्न : आपल्या लेखात एकतारी अमेरिकन वाद्याचा उल्लेख होता. ते वाचून सौंदत्तीच्या यात्रेत लहानपणी ऐकलेले चौंडके आठवले. तोच हुंकार ब्लूजच्या गिटारमध्ये ऐकू येतो असा मला भास होतो. यात काही तथ्य आहे का? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : भास म्हणून झटकून टाकू नका, आपला कान बरोबर आहे. यल्लम्माच्या जोगतिणींचे चौंडके म्हणजे लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या तळाला चामडे आणि त्या चामड्यातून ओवलेली एकच तार. वाद्य काखेत धरून एका हाताने तार ताणायची व सैल करायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. ताण बदलला की स्वर चढतो-उतरतो, आणि तो पायरीपायरीने न जाता घसरत जातो. मिसिसिपीच्या खेड्यांत गरीब घरची मुले भिंतीवर किंवा फळीवर एक तार खिळ्यांनी ठोकीत, तिच्याखाली बाटली किंवा डबा अडकवून ती ताणीत आणि दुसऱ्या बाटलीने किंवा धातूच्या तुकड्याने तारेवर घसरत स्वर काढीत. ‘डिड्ली बो’ हे त्याचे नाव. बडी गाय यांचे पहिले वाद्यही घरीच बनवलेले, दोन तारांचे होते. ज्याच्याकडे एकच तार आहे त्याला स्वरांच्या संख्येने श्रीमंत होता येत नाही, म्हणून तो एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेलाच रंगवतो. गिटार हातात आली तरी ही खोड त्या वादकांनी सोडली नाही. बाटलीच्या मानेचा तुकडा बोटात घालून त्यांनी तेच घसरणे सहा तारांवर नेले.

मात्र दोन्ही वाद्यांचे काही नाते असेल, कोणी येथून तेथे नेले असेल, अशी कल्पना करू नये. तसा कोणताही दुवा नाही. ब्लूजमधील घसरत्या स्वरांची आणि हाक-प्रतिसादाची मुळे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या गाण्यात आहेत. हाक-प्रतिसाद आपल्याला परका नाही; बुवांनी चरण म्हणायचा आणि टाळकऱ्यांनी तो उचलायचा हे आपण दर एकादशीला करतो. ब्लूजमध्ये टाळकऱ्यांचे ते काम एकटी गिटार करते, एवढाच फरक. सौंदत्तीला आता पौर्णिमेच्या यात्रेत ध्वनिवर्धकांचा कल्लोळ इतका असतो की चौंडके ऐकण्यासाठी डोंगरावर पहाटेच जावे लागते.

प्रश्न : ज्या जिल्ह्यात कुमार गंधर्व जन्मले तेथील मराठी मासिकाने अमेरिकन गिटारवाल्याच्या अल्बमवर पाने खर्च करावीत याचे नवल वाटते. आपल्या घरचे संपले काय? — एक ज्येष्ठ वाचक, टिळकवाडी

उत्तर : आपले पत्र रागाचे आहे, पण रागाचे कारण प्रेमाचे आहे म्हणून ते पूर्ण छापले. कुमारजींचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. त्यांचेच नाव आपण काढलेत, म्हणून विचारतो: त्यांच्या गाण्यावर पहिला आक्षेप कोणता होता? घराण्याची शिस्त नाही, ख्यालाचा ठरलेला क्रम पाळत नाहीत, स्वर तुकड्यातुकड्यांनी टाकतात, हाच ना? क्षयाने त्यांना काही वर्षे गाण्यापासून दूर ठेवले, एक फुफ्फुस निकामी झाले, देवासला अंथरुणावर असताना त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली आणि त्यांतून नवे राग आणि नवी गायकी घेऊन ते उठले. श्वास आखूड होता म्हणून स्वरवाक्ये आखूड झाली, आणि तीच पुढे त्यांची ओळख ठरली.

ब्लूज गायक व गिटारवादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) यांची गोष्ट याच जातीची आहे. बाटलीच्या मानेने तार घसरवण्याचे तंत्र त्यांच्या हाती बसेना, म्हणून डाव्या हाताचे बोट तारेवर थरथरवून ते तसा स्वर काढू लागले. गाणे आणि वाजवणे एकाच वेळी जमत नाही असे ते स्वतःच सांगत, म्हणून आधी ओळ गात आणि मग गिटारने तिला उत्तर देत. आज जगभरचे गिटारवादक त्या थरथरीची नक्कल करतात. १९६९ साली त्यांच्या ‘द थ्रिल इज गॉन’ या गाण्यामागे व्हायोलिनांचा ताफा आला तेव्हाही भुवया उंचावण्याचे कारण होतेच, आणि तेच त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे ठरले. घरचे संपलेले नाही. घरच्याकडे पाहण्याची नजर मात्र कधी कधी परक्या अंगणात उभे राहून स्वच्छ होते, आणि कुमारजींवर या मासिकाने लिहिलेल्या पानांची संख्या आपण एकदा मोजावी ही नम्र विनंती.

प्रश्न : ‘सिनर्स’ हा चित्रपट पाहिला. त्यात अगदी शेवटी दिसणारा म्हातारा गायक खरोखरचा गायक आहे की नट? — एक वाचक, निपाणी

उत्तर : ते बडी गाय स्वतः. रायन कूगलर यांचा हा २०२५चा चित्रपट १९३२ सालच्या क्लार्क्सडेलमध्ये घडतो आणि श्रेयनामावली सुरू झाल्यावर, १९९२ साली, नायकांच्या चुलतभावाचे म्हातारपण दिसते. ती भूमिका गाय यांनी केली आहे. चित्रपटगृहातून आपण उशिरा उठलात म्हणून ते आपल्याला दिसले. आपल्याकडे बहुतेकांची त्या वेळी वाहनतळाकडे धाव असते.

प्रश्न : परीक्षणांत साडेतीन तारे आणि चार तारे असे देतात. या अर्ध्या ताऱ्यात काय असते? आणि ब्लूज प्रत्यक्ष ऐकायचा तर आपल्याकडे सोय आहे का? — एक वाचक, अनगोळ

उत्तर : अर्ध्या ताऱ्यात बहुधा परीक्षकाची भिडस्त वृत्ती असते. शिकागोचे ‘डाउनबीट’ हे १९३४ साली सुरू झालेले संगीतविषयक नियतकालिक पूर्वीपासून पाचपैकी तारे देत आले आहे आणि पुढे सर्वांनीच ती रीत उचलली. साठ-सत्तर वर्षे गाणाऱ्या माणसाला तीन तारे देणे अपमानास्पद वाटते, पाच देणे खोटे वाटते, म्हणून चार दिले जातात. ज्येष्ठांच्या अल्बमांची परीक्षणे या कारणाने नेहमीच थोडी सौम्य असतात, हे गृहीत धरून वाचावे. प्रत्यक्ष ऐकण्याविषयी: मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ सालापासून ब्लूजचा महोत्सव सुरू झाला आणि त्या पहिल्याच वर्षी बडी गाय तेथे वाजवून गेले. शिलाँगच्या ‘सोलमेट’ या २००३ साली उभ्या राहिलेल्या जोडीला संधी मिळेल तेथे ऐकावे. रूडी वालांग यांची गिटार आणि तिप्रिती खारबंगार यांचा आवाज यांत उसने काही वाटत नाही. आपल्याकडे चोर्ला घाटापलीकडे गोवा आहेच.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि वर्षभर गिटार शिकत आहे. अल्बममधल्यासारखी तार ओढायला गेले की बोटे सोलतात, तिसरी तार हलतच नाही, आणि गेल्या आठवड्यात पहिली तार तुटली. माझे काय चुकते? — एक विद्यार्थिनी, कॅम्प, बेळगाव

उत्तर : तुझे फारसे चुकत नाही, चुकते ते तारांच्या संचाचे. तू वर्णन केले आहेस त्यावरून तुझी गिटार साधी लाकडी, विजेविना वाजणारी दिसते. तिच्यावर बहुधा ०.०१२ इंचाच्या पहिल्या तारेचा संच असतो आणि त्यात तिसऱ्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. गुंडाळलेली तिसरी तार ओढणे म्हणजे विहिरीवरून भरली घागर एका बोटाने वर काढणे. विजेच्या गिटारवर ०.००९ किंवा ०.०१० इंचाचा संच लावतात आणि त्यात तिसरी तार गुंडाळलेली नसते. अल्बममध्ये तू जी ऐकतेस ती तीच. तुझ्या गिटारवर ०.०१० चा हलका संच लावून पाहा. आवाज थोडा पातळ होईल, तिसरी तार बहुधा तरीही गुंडाळलेलीच मिळेल, म्हणून सुरुवातीला दुसऱ्या तारेवरच सराव कर.

एका बोटाने ओढू नकोस. अनामिकेने तार दाब आणि तिच्यामागे मधले व पहिले बोट त्याच तारेवर टेकव; ओढण्याचा जोर बोटांतून न काढता मनगट फिरवून काढ. मिरजेला गेलीस तर सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराला मींड काढून दाखवायला सांग. सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात म्हणून तार पाच-पाच स्वर ओढता येते; गिटारच्या सपाट पट्टीवर एक किंवा दीड स्वर गेला तरी पुष्कळ. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग डावखुरे होते आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरीत, त्यामुळे बारीक तारा त्यांना खाली खेचता येत; त्यांच्याइतके ओढण्याचा हट्ट तुझ्या हाताने धरू नये.

आणि घरी पेटी असेल तर ती जवळ ठेव. दुसऱ्या तारेवर एक स्वर वाजव, पेटीवर त्याच्या वरचा शुद्ध स्वर दाबून धर, आणि तार ओढत ओढत त्याला नेऊन भिडव. दोन्ही आवाज एक झाले की पेटी सोड. हे अचूक जमू लागल्यावरच त्या स्वराच्या अलीकडे, फटीत, मुद्दाम थांबून पाहा. पहिली तार पुन्हा तुटली तर संपूर्ण संच बदल, एकटी तार बदलू नकोस. जुन्या पाचांत नवी एक लावली की तिचाच आवाज वेगळा, चकचकीत ऐकू येतो.